कर्लिंगचे केस

८ जानेवारी १९८३

प्रिय कोल्फिन्ना,

तुझं पत्र दुधाच्या गाडीवाल्याने आणून दिलं. माझ्या प्रकृतीची चौकशी एका ओळीत आणि वाऱ्याची पाऊण पान. तरी वाचून बरं वाटलं. आपल्या घराकडच्या कुणाची तरी तुला आठवण येते आहे, मग तो वारा का असेना.

तर वाऱ्याबद्दल. वारा नाही. उत्तरेकडून तर नाहीच नाही. खाडी आरशासारखी पडली आहे आणि कर्लिंग गुमान खाली पडते आहे, कुठल्याही सभ्य धबधब्याने पडावं तशी. आपल्या पूर्वजांनी तिचं नाव कर्लिंग, म्हणजे म्हातारी, ठेवलं ते उगाच नव्हे. घरामागे बसून पुटपुटत राहायचं, एवढंच तिचं काम. उत्तरेचा वारा खाडीतून थेट दरीत घुसून कड्यावर आपटला, तरच तिचं पाणी उलटं वर उडतं आणि लोक म्हणतात, कर्लिंग केस विंचरायला बसली. पण ती लहर तिला या हिवाळ्यात येईलसं दिसत नाही. तुझ्या त्या कॅमेरामास्तर ब्रांदुरना सांग, घाई करू नका.

ऑक्टोबरात बॅग भरताना तू काय म्हणालीस ते माझ्या लक्षात आहे. ‘तिचे केस उभे राहिलेले एकदा टिपले की घरी येते मी. तोवर नाही.’ मी म्हटलं, कॅमेरा शिकायला अकुरेरीला शहरात कशाला जायला हवं, शेजारच्या थुरीदुरचा जावई शिकवेल की. तू म्हणालीस, ‘थुरीदुरचा जावई लोकांची डोकी कापतो.’ त्याने काढलेल्या आपल्या लग्नवाढदिवसाच्या फोटोत मला हनुवटीपासून खालीच यायला मिळालं आहे, हे खरं.

पण त्याच्या आधी जेवताना तू जे बोललीस ते मात्र मला अजून कळलेलं नाही. ‘तू आयुष्यभर कर्लिंगवर कविता म्हणतोस, हाफ्लिदी. कधी तिच्याकडे बघितलंस का?’ अगं, खिडकीतून दुसरं दिसतं काय?

एक विचारतो. फोटो मिळाला की खरंच येशील? की मग दुसरा धबधबा, मग तिसरा? या देशात त्यांची काही वाण नाही.

फोन कर म्हणतेस. सगळ्या दरीला मिळून एकच तार. आपली घंटी वाजली, एक लांब दोन आखूड, की थुरीदुर आपल्या आधी फोन उचलते. मागच्या वेळी मी तुला ‘बरी आहेस ना’ विचारलं, तर मधूनच तिचं उत्तर आलं, ‘गुडघे सोडले तर बरी आहे.’ म्हणून पत्रच बरं.

दोन ओळी सुचल्या आहेत. खालचा अर्धा नेहमीसारखा तुझा.

शीळ घुमतसे शिखरावरती
शेकोटी ही विझते;

तुझा,
हाफ्लिदी

ता. क. गोठ्याचं दार दोराने बांधून ठेवावं लागतं आहे. कडी जुनी झाली, दुसरं काही नाही.


२४ जानेवारी

कोल्फिन्ना,

कार्ड मिळालं. पत्र नव्हे, कार्ड. उघडं. पोस्टातल्या बाईने वाचलेलं, गाडीवाल्याने वाचलेलं. माझ्या हातात देताना तो म्हणाला, ‘छान जमली आहे हं कविता. दोघांनी मिळून केलेली दिसते.’ मी म्हटलं, ‘दुधाचं बघ तू.’

माझ्या दोन ओळी तू तशाच उघड्या ठेवल्यास. शेकोटी विझली ती विझलीच. त्याऐवजी तुझ्या सुंदर अक्षरात ही चौकडी आली, वर ‘वर्गात सुचलं’ एवढीच टीप.

कर्लिंग आपुले केस विंचरी
गारठलेल्या वेळी;
दूर राहुनी दिसते सारे
दडले होते जवळी.

कुणाला सुचलं ते लिहिलं नाहीस. लिहायची गरजही नव्हती. वरचा अर्धा कुणाचा ते आंधळ्यालाही दिसेल. दक्षिणेकडून आलेला, शाळेत कविता पाठ न केलेला, आयुष्यभर लोकांना ‘हसा’ सांगून पोट भरलेला माणूसच अशी दुसरी ओळ लिहू शकतो. पहिल्या ओळीत दोन शब्द एकाच अक्षराने उचलायचे आणि दुसऱ्या ओळीचं पहिलं पाऊल त्याच अक्षरावर पडायला हवं, हे आपल्याकडे दूधदात पडायच्या आधी कळतं. ‘कर्लिंग’, ‘केस’, आणि मग काय? ‘गारठलेल्या’! क आणि ग ही काय भावंडं आहेत? माझ्या हातून असं झालं असतं तर तू कॉफी गार होईपर्यंत कपाला हात लावला नसतास. ब्रांदुरच्या हातून झालं, तर त्याच्याखाली आपला अर्धा जोडून, तिकीट लावून मला पाठवतेस.

तुला आपल्या शाळेतला तो दिवस आठवतो का, फळ्यावर गुरुजींनी दोन ओळी लिहिल्या होत्या तो? सगळा वर्ग माना खाली घालून बसला होता. मी मनात अक्षरं जुळवत होतो, क्ष पर्यंत जाऊन परत येत होतो. आणि मागच्या बाकावरून तुझा आवाज आला, खालचा अर्धा सगळाच्या सगळा, एका दमात. गुरुजी म्हणाले, ‘हात वर करायचा असतो.’ तू म्हणालीस, ‘हातमोजे ओले आहेत, टेबलावर पाणी पडेल.’ मी वळून बघितलं. खिडकीवर बर्फाची नक्षी होती आणि तू त्या नक्षीसमोर नाक पुसत होतीस. त्या दिवसापासून मी जे काही रचलं ते अर्धंच रचलं, मुद्दाम. पुरं करता येत नव्हतं असं नाही. जागा ठेवत होतो.

बाई दुसऱ्याबरोबर नाचली तर मी समजू शकतो. थोर्राच्या हिवाळी गावजेवणात सगळेच सगळ्यांबरोबर नाचतात. ओद्दुर तर खांबाबरोबरही नाचतो. पण दुसऱ्याच्या अर्ध्याला आपला अर्धा लावणं? हे मला कुणाला सांगताही येत नाही. सांगितलं तर लोक हसतील.

खालच्या अर्ध्याला मी नावं ठेवत नाही. त्यातली अक्षरं जागच्या जागी आहेत. म्हणूनच तो जास्त लागला.

त्याला कविता करता येत नाही, निदान कॉफी तरी करता येते का? दिसायला कसा आहे? साठीचा, विधुर, हातात नेहमी सिगार, असं थुरीदुर म्हणते. तिला हे कुठून कळतं देव जाणे. सिगार ओढणाऱ्या माणसाच्या फोटोंत धूर येत असणार.

वाऱ्याचं विचारतेस. शांत आहे. मेंढ्यांच्या गोठ्यावरचा एक पत्रा थुरीदुरच्या अंगणात सापडला, पण पत्रे जुने झाले की असे जातात. माझी टोपी अजून मिळायची आहे.

हाफ्लिदी


६ फेब्रुवारी

कोल्फिन्ना,

‘पत्रा थुरीदुरकडे चालत गेला का? शुक्रवारी येतो आहोत. वर्गातले सगळे. शाळेच्या वसतिगृहात उतरू.’

बस्स? एवढंच? तुझं पत्र मी उलटून पाहिलं, मागे काही आहे का म्हणून.

बरं. वारा आहे. नाताळाच्या आधीपासून आहे. कर्लिंग एक दिवसाआड केस विंचरते आहे, काल तर एवढी उडाली की गोठ्याच्या भिंतीवर तिचं पाणी येऊन गोठलं. तुला ते कळलंच आहे, तेव्हा लपवून उपयोग नाही. मी का लिहिलं नाही तेही तुला कळलं असणार. तुला वारा कळवला असता तर तू आली असतीस, पण एकटी आली नसतीस.

पण वसतिगृह! तुझ्या घरामागे तुझा धबधबा, आणि तू उतरणार शाळेतल्या पोरांच्या दुमजली पलंगांवर. काल गावजेवणात ओद्दुरने सगळ्यांसमोर काढलं. तोंडात आंबवलेला शार्क, वर ब्रेन्निविन दारूचा घोट. म्हणाला, ‘हाफ्लिदी, तुझी बायको तुझ्या घरामागे पाहुणी येते आहे म्हणे!’

मी म्हटलं, ‘धबधब्याकडे येते आहे. धबधबा काही माझा नाही.’

‘तेच तर म्हणतोय मी,’ ओद्दुर म्हणाला, आणि सगळं टेबल हसलं. थुरीदुर तर एवढी हसली की तिच्या पाठीत चमक भरली. मग त्यांनी मला नेहमीसारखं उभं केलं, कविता म्हण म्हणून. मी कर्लिंगवरची म्हणायला घेतली, आपली शाळेतली, लांबलचक. दुसऱ्या कडव्यात अडकलो. चाळीस हिवाळे म्हणतो आहे ती, कधी अडकलो नव्हतो. तिथे तू मागून ओठ हलवायचीस ना, ते या वेळी नव्हतं.

घर झाडलं आहे. क्लैनुर तळून ठेवले आहेत, पिठाचा पीळ मला तुझ्यासारखा जमत नाही, काही उलटे झालेत पण खाता येतात. पलंगाची चादर बदलली आहे. हे उगाच सांगतो आहे. चादरी लोक बदलतातच.

शुक्रवारी बर्फाखाली निसरडं असेल. बुटांना खिळ्यांच्या पट्ट्या बांधून या. त्यालाही सांग. दक्षिणेकडच्या लोकांना वाटतं, बर्फ म्हणजे शोभेचा.

हाफ्लिदी


१६ फेब्रुवारी

प्रिय कोल्फिन्ना,

डॉक्टर येऊन गेला. हाड शाबूत आहे, पण गुडघ्यातलं काहीतरी फाटलं आहे. वसंतापर्यंत चढ-उतार बंद. त्याने विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, घसरलो. तो म्हणाला, ‘या वयात खिळे न बांधता वर कशाला गेलास?’ मी म्हटलं, ‘धबधबा बघायला.’ थुरीदुर खोलीतच होती. तिने खोकून घेतलं.

मला झालेलं सगळं एकदा नीट लिहून काढायचं आहे. तू तिथे होतीस, तरी. कारण तुझी पाठ माझ्याकडे होती आणि मी काय पाहिलं ते तुला माहीत नाही.

मी खिडकीत दुर्बीण घेऊन सकाळपासून बसलो होतो. रंगीबेरंगी ठिपके वर चढताना दिसले, वाकून, वाऱ्यात खांदा घालून. तुला ओळखायला दुर्बीण लागत नाही. कुंपणाची तार तपासत चालल्यासारखी चालतेस तू. कर्लिंगच्या समोर ती काळ्या दगडाची कड आहे ना, तिथे तू पोचलीस. वाऱ्याला पाठ करून उभी राहिलीस, कॅमेरा स्वेटरच्या आत होता तो बाहेर काढलास, मफलरच्या टोकाने काच पुसलीस, एकदा बघितलंस, पुन्हा आत ठेवलास. पाण्याचे थेंब काचेवर येता येताच गोठत असणार. मला वाटलं, आता दमेल, आता खाली येईल, घर समोरच आहे. तू पुन्हा कॅमेरा बाहेर काढलास. पुन्हा पुसलास. शाळेत ओळ खोडून पुन्हा लिहायचीस तशी.

आणि कर्लिंग! त्या दिवशी तिने हात राखला नाही. पाणी कड्यावरून निघायचं आणि निम्म्या वाटेत त्याचा विचार बदलायचा, मग सगळंच्या सगळं मागे, वर, कड्याच्याही वर, पांढरं, सुटं, आणि उन्हाची एक तिरीप त्यातून आरपार. हे मी आता आठवून लिहितो आहे. तेव्हा माझं तिकडे लक्ष नव्हतं. तेव्हा मी त्या माणसाचे हात बघत होतो. तुझ्या कमरेभोवती, दोन्ही बाजूंनी. मोजे न घातलेले.

खिळे बांधायची शुद्ध मला नव्हती. घरातल्या बुटांनीच निघालो. शेवटच्या चढावर ओरडलो, ‘सोड तिला!’ वाऱ्याने ते शब्द कुठे नेले माहीत नाही, तुझ्यापर्यंत नुसता आवाज पोचला. तू वळलीस. त्याच क्षणी माझे पाय गेले आणि मी सीलसारखा पोटावरून घसरत तुमच्या पायांशी आलो. मला धरायला त्याने तुला सोडलं, आणि वाऱ्याने तुला बर्फावर बसवलं, धप्पकन, कॅमेरा छातीशी धरून. तू आधी कॅमेऱ्याकडे बघितलंस. मग माझ्याकडे.

‘शेवटचा होता, हाफ्लिदी,’ तू म्हणालीस. ‘रिळातला शेवटचा.’

‘मग? काय आलं त्यात?’

‘तुझं तोंड.’

तोवर ढग आला होता आणि उजेड गेला होता. कर्लिंगचे केस अजून उडत होते पण राखाडी, धुण्याच्या पाण्यासारखे. तू कॅमेरा पुन्हा स्वेटरच्या आत ठेवलास. त्यापेक्षा ओरडली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

पुढचं तुला ठाऊक नाही, कारण तू पुढे चालत होतीस. गवत ओढायच्या घसरगाडीवर मला टाकलं आणि ती ओढली कुणी, तर त्याने. मी आडवा, आभाळाकडे तोंड, आणि तो दोर खांद्यावर घेऊन पुढे. हात लालभडक. मी म्हटलं, ‘मोजे नाहीत का तुझ्याकडे?’ तो म्हणाला, ‘तिच्या हातात आहेत. तिचे ओले झाले होते.’ थोड्या वेळाने म्हणाला, ‘तू कविता म्हणतोस म्हणे. म्हण की एखादी. वाट सरेल.’

चीड आली. इतकी चीड आली की म्हटलं, आता सोडायचं नाही. मी म्हटलं, ‘तुझ्या दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी क हवा होता.’

‘कसली ओळ?’

‘कार्डावरची. कर्लिंग केस विंचरते ती.’

तो थांबला. गाडी माझ्यासकट थोडी मागे घसरली. ‘अरे, ती? ती सगळी कोल्फिन्नाचीच आहे. चारही ओळी. मला दुकानातली पावतीसुद्धा धड लिहिता येत नाही, कविता कुठली!’ आणि पुढे म्हणाला, ‘आम्ही सगळ्यांनी विचारलं तिला, हे अक्षर न जुळता कसं ठेवलंस? आमच्या वर्गातल्या त्या बाई तर चिडल्याच. ती म्हणाली, राहू दे, ते घरी दुरुस्त होईल.’

मी पुढची वाट आभाळाकडे बघत काढली.

मग तू घरात आलीस. ऑक्टोबरानंतर पहिल्यांदा. गुडघ्याला फडकं बांधलंस, कॉफी ठेवलीस, साखरेचा खडा माझ्या दातात दिलास. एक क्लैनुर उचललास, फिरवून बघितलास. ‘पीळ उलटा आहे,’ म्हणालीस, आणि खाल्लास. मी विचारलं, ‘ग मुद्दाम ठेवलास?’

तू खिडकीकडे बघत सांगितलंस. ‘काकडलेल्या वेळी. एवढंच तर होतं. तुझ्याशिवाय हे कुणी मला लिहून पाठवणार होतं? रोज वाटायचं, आज येईल कार्ड, दोनच शब्द, वर ना नाव ना गाव. आणि तू पाठवलास चार पानांचा ब्रांदुर.’

त्या माणसाला मी कधी बघितलंही नव्हतं, आणि त्याला पुरता रचला. अर्धाही नाही ठेवला तुझ्यासाठी.

बाहेर त्यांच्या गाडीचा भोंगा वाजला. तू कोट चढवायला लागलीस. मी म्हटलं, ‘आणि फोटो?’

‘वारा आला तर पुन्हा येईन.’

‘आणि मिळाला तर? घरी?’

तू बटणं लावत होतीस. सगळी लावून झाल्यावर बोललीस. ‘तसं म्हणाले होते मी. आता म्हणत नाही. आता मी काहीच कबूल करत नाही, हाफ्लिदी. ना येण्याचं, ना न येण्याचं. मला तो फोटो हवा आहे. तुझ्याशी केलेल्या सौद्यातला नको, नुसता हवा आहे.’

ते वाक्य मी रोज चावून बघतो. पहिले काही दिवस वाटलं, तो तुझ्या तोंडून बोलतो आहे. मग आठवलं की त्याला असं बोलता येत नाही.

खोटं कशाला सांगू, अजूनही जळतो मी. पण कुणावर ते आता नीट सांगता येत नाही. तू पुन्हा पुन्हा काच पुसून बघत होतीस तेव्हा तुझं तोंड मला दुर्बिणीतून बाजूने दिसलं होतं, थोडंसंच. मागच्या बाकावरून तू जे म्हटलं होतंस तेव्हाचं तोंड. मला वाटत होतं, ते माझ्याकरता होतं. त्या कड्यावर कळलं, ते ओळीकरता होतं. मी मधे बसलो होतो, एवढंच.

हाफ्लिदी


३ मार्च

ब्रांदुर,

सुरुवातीला ‘प्रिय’ लिहिणार होतो, पण ते तुलाही पटलं नसतं.

उद्या दुपारी कर्लिंग केस विंचरेल. खाडीच्या तोंडाशी ढगाची पट्टी आली आहे, सुरीने कापलेल्या लोण्यासारखी सरळ, आणि डोंबकावळे कड्यावरून उतरून कुंपणावर बसले आहेत. हे दोन्ही एकदम झालं की दुसऱ्या दिवशी उत्तरेचा वारा येतो. माझ्या वडिलांच्या वेळेपासून कधी चुकलेलं नाही. पहाटे निघा, म्हणजे उन्हाची तिरीप पाण्यात येईल तेव्हा तुम्ही वर असाल. याच्यानंतर कड्यावरचा बर्फ सुटेल, मग ती नुसती पडत राहील, पुढच्या हिवाळ्यापर्यंत.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण तार सगळ्या दरीची आहे, आणि पुढचं मला तोंडाने सांगता येणार नाही. पत्र दुधाच्या गाडीबरोबर देतो आहे, संध्याकाळपर्यंत तुझ्या हातात पडेल. गाडीवाल्याला बजावलं आहे की पाकीट उघडलं तर उद्यापासून दूध ओद्दुरच्या गाडीने जाईल.

माझा गुडघा वाकत नाही. मी वर येऊ शकत नाही. तेव्हा ती कडेला उभी राहील तेव्हा तिला तूच धरायचं आहेस.

मला तू आवडत नाहीस. तुझा काही दोष नाही त्यात. गाडी चांगली ओढलीस, हात फुटले असतील तुझे, लोकरीची चरबी लाव. पण तू तिच्या कमरेला हात घालणार हे लिहिताना माझं पेन दोनदा थांबलं. तरी लिहितो आहे, कारण मागच्या वेळी तू तिला चुकीचं धरलं होतंस. मी दुर्बिणीतून बघितलं.

कोटाला धरू नकोस. त्याची बटणं मी शिवली आहेत, टिकायची नाहीत. उजव्या खांद्याला तर हातच लावू नकोस. आमच्या पहिल्या हिवाळ्यात गाईने दाबला होता तो, थंडीत कळ येते आणि ती कुणाला सांगत नाही. डाव्या बाजूने ये. तुझा गुडघा तिच्या गुडघ्यामागे टेकव, म्हणजे वारा आला तर ती तुझ्यावर बसेल, बर्फावर नाही. मधेमधे तिच्या पाठीमागे उभा राहून वारा अडव, पण डोक्यावरून वाकू नकोस, तिला चिडायला होतं. बोलू नकोस. विशेषतः ‘छान’, ‘सुंदर’ असलं काही म्हणू नकोस.

आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. डोळ्याला काही आवडलं की ती एक पाऊल पुढे टाकते. पायाखाली काय आहे ते बघत नाही. बेरी खुडताना टाकते, दोरीवर कपडे घालताना चंद्र दिसला तर टाकते. उद्याही टाकेल, बरोबर बटण दाबण्याच्या आधी. पुढे कडा संपतो. तेव्हा तू पाण्याकडे बघायचं नाहीस, कितीही वर उडालं तरी. तिच्याकडे बघायचं.

रीळ नवं असू दे. बुटांना खिळे बांध. मोजे जास्तीचे ठेव, या वेळी तुझ्यासाठीही. माझी एक जुनी जोडी गाडीवाल्याकडे दिली आहे. खाली उतरल्यावर वसतिगृहात जा, की आणखी कुठे जायचं असेल तिथे जा. घराची वाट तिला माहीत आहे, तू काही सुचवू नकोस. पत्र मी लिहिलं हेही सांगू नकोस. वारा तुला रेडिओवर कळला म्हण.

ती ‘सोड, उभी आहे मी’ म्हणेल. आधी हळू म्हणेल, मग ओरडेल, मग एखादी शिवी घालेल. सोडू नकोस.

हाफ्लिदी